नर्सबाईंची गाडी तापते

दुरुस्त करून दिलेली गाडी आठवड्याच्या आत परत माझ्या दारात उभी राहिली की माझं पित्त खवळतं. गाडीवर नाही, गाडी बिचारी मुकी. आणणाऱ्यावर. हा स्वभाव चांगला नाही हे माझी बायको मला एकतीस वर्षं सांगत आली आहे आणि मी एकतीस वर्षं ‘बरं’ म्हणत आलो आहे. पण आज सांगणार आहे ते स्वभावाबद्दल नाही. एका बाईंचे माझ्यावर एवढे उपकार आहेत की ते कुठंतरी नीट सांगून ठेवले नाहीत तर मला चैन पडणार नाही.

माझं गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. पुढं शटर, मागं अंगण, अंगणापलीकडं आमचं घर. मी फक्त दगडधोंड्यांत आणि चिखलात चालणाऱ्या मोटरसायकली दुरुस्त करतो, उंच चाकांच्या, खरबरीत टायरच्या. खाणीतले मुकादम, जंगलाचे पहारेकरी आणि पठारावर जाणाऱ्या नर्सबाई, ही माझी गिऱ्हाइकं. आणि माझा एक नियम आहे. माखलेल्या गाडीला मी पान्हा लावत नाही. अंगावरचं सुटतं ते सगळं आधी सोडायचं, पिशव्या, पत्रे, सीट, जे असेल ते. गाडी उघडी करायची, धुवायची, वाळवायची आणि मगच तिचं दुखणं बघायचं. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी हे माझ्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. चिखलाखाली गळती दिसत नाही आणि तडाही दिसत नाही. कुणी ‘जरा नुसती नजर टाका हो’ म्हणालं की मी म्हणतो, ‘आधी धू!’ त्यामुळं माझं नावच ‘आधीधू’ पडलं आहे. लोक पाठीमागं म्हणतात, पण माझे कान शाबूत आहेत.

धुण्याचं काम बायकोचं. हौसेनं करते. जुने दात घासायचे ब्रश तिनं त्यासाठी जमवून ठेवलेत, आणि तिच्या हातून गेलेल्या गाडीच्या साखळीवर तुम्ही बोट फिरवलंत तरी ते स्वच्छ राहील. सोडलेल्या वस्तू ती अंगणातल्या दोरीवर वाळत घालते आणि गिऱ्हाईक न्यायला आलं की जिथल्या तिथं बांधून देते. मी तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो. गिऱ्हाइकाशी गोड बोलून निरोप देणं हेही तिचंच खातं.

आमची लेक पठारावरच्या शाळेत शिकवते. जावई वरच्या खाणीत कामाला. वर ऐंशी घरं आहेत, शाळा आहे, दवाखाना नाही आणि फोन लागत नाही. वर जायला दोन रस्ते. एक खाणीच्या ट्रकांचा, डोंगराला वळसा घालून जाणारा, तीन तासांचा. दुसरा सरळ चढ, बारा किलोमीटर, चौदा वळणं, पण दगडांनी भरलेला. तिथं चारचाकीचं काम नाही. नर्सबाई दर बुधवारी त्या चढानं वर जायच्या. लेकीला दिवस गेले होते आणि पहिल्यापासून तिचा रक्तदाब चढा होता. दर आठवड्याला तो मोजायचा आणि गोळ्या त्याप्रमाणे कमीजास्त करायच्या, असं ठरलं होतं. मी तिला खाली ये म्हणालो. ती म्हणाली, शेवटच्या महिन्यात येईन, मुलांची परीक्षा आहे. हट्टी आहे. कुणावर गेली आहे ते मला सांगायची गरज नाही.

म्हणजे नर्सबाईंची गाडी वर चढली नाही, तर माझ्या लेकीचा रक्तदाब मोजायला पठारावर दुसरं माणूस नव्हतं. एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकी तीच गाडी चढावर तापायला लागली.

नर्सबाई पंचेचाळिशीच्या, सडसडीत, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्यांदा गाडी घेऊन आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘‘काका, चढावर तापते. लाल दिवा लागतो आणि मग वाफ येते.’’

‘‘ठेवून जा,’’ मी म्हणालो. ‘‘उद्या न्या.’’

अशा गाडीच्या इंजिनाभोवती पाणी फिरत असतं. तापलेलं पाणी पुढच्या चाकामागच्या दोन छोट्या रेडिएटरांत येतं, समोरच्या वाऱ्यानं थंड होतं आणि पुन्हा इंजिनात जातं. या फेऱ्यात कुठंही घोळ झाला की गाडी तापते. घोळ शोधायचा म्हणजे एकेक जागा तपासत जायचं, गाळायची आणि पुढं सरकायचं. मला हे काम आवडतं. त्यात घाई करणारा फसतो.

गाडी धुऊन आली. पाणी कमी होतं. भरलं, आत अडकलेली हवा काढली. मागच्या कच्च्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं फिरवली, मातीच्या ढिगावर पंचवीस वेळा चढवली. दिवा लागला नाही. मी खूश.

पुढच्या आठवड्यात गाडी परत. या वेळी मी रेडिएटरचं झाकण बदललं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की पाणी लवकर उकळतं, आणि ही थोडी ढिली होती. ढिगावर पंचवीस वेळा. दिवा नाही. मी पुन्हा खूश.

तिसऱ्या खेपेला मात्र मी हट्टाला पेटलो. थर्मोस्टॅट काढला. पाणी ठरावीक तापलं की उघडणारी ती छोटी झडप असते. ती उघडते की नाही हे बघायला गरम पाण्यात टाकून बघावी लागते, म्हणून मी स्वयंपाकघरात दूध तापवायच्या पातेल्यात टाकली. झडप झकास उघडली. बायकोनं ते बघितलं आणि तिचंही तोंड उघडलं. ते बंद व्हायला संध्याकाळ झाली. मग मी पाण्याचा पंप उघडला, त्याचं पातं ठणठणीत. हेडचं गॅस्केट फुटलंय का बघायला रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहिलं, एक नाही. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघितला, असावा तसा. गाडी ढिगावर चढवली आणि ती शेळीसारखी टुणटुण चढली.

अंगणात बायको दोरीवर काहीतरी झटकत होती. म्हणाली, ‘‘अहो, हे लेकीनं शिवलंय, बघा तरी. काय टाके घातलेत!’’

मी ‘हं’ म्हणालो. माझं डोकं पंपात होतं.

नर्सबाई न्यायला आल्या तेव्हा मी मुद्दाम पुढं गेलो. म्हणालो, ‘‘बाई, ही गाडी माझ्याकडं तापत नाही. तुमच्याकडं तापते. मग घोडं पेंड कुठं खातंय, तुम्हीच सांगा.’’

त्या गाडीकडं बघायला लागल्या.

‘‘चढावर अर्धा क्लच धरून चढता का? क्लच घासला की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी राहते. तापेल नाही तर काय करेल?’’

‘‘नाही धरत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बघते लक्ष देऊन.’’ मी आत माझ्या कामाला गेलो, त्यांना निरोप बायकोनं दिला.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी टेम्पोवाल्यानं ती गाडी माझ्या दारात उतरवली. ‘‘पाचव्या वळणावर बंद पडली म्हणे,’’ तो म्हणाला आणि गेला. पाचव्या वळणावर बंद पडली म्हणजे बाई तिथूनच परत फिरल्या असणार. म्हणजे या आठवड्यात लेकीला कुणी तपासलं नाही. मला रात्रभर झोप नाही, आणि झोप झाली नाही की मी कसा असतो ते विचारू नका. गुरुवारी सकाळी नर्सबाई चौकशीला आल्या आणि मी त्यांना उभ्या उभ्या फैलावर घेतलं. क्लच कसा सोडावा, गिअर केव्हा टाकावा, दगडावर चाक कसं न्यावं, अगदी शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं बोललो असेन. वर हेही म्हणालो, ‘‘माझी लेक आहे तिथं. तुमच्या हलगर्जीपणाला मी काय करू?’’

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका हातानं टेबलाला टेकून उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘पुढच्या बुधवारपर्यंत होईल ना काका?’’

गाडी पाच दिवस माझ्याकडं होती. मी तिचा स्क्रू न स्क्रू पाहिला. काही सापडलं नाही. आपल्याला येत नाही हे मान्य करण्यापेक्षा दुसऱ्याला येत नाही असं म्हणणं किती सोपं असतं! मंगळवारी मी सामान आणायला गेलो असताना त्या गाडी घेऊन गेल्या.

बुधवारी सकाळी खाणीच्या ट्रकचा ड्रायव्हर गॅरेजसमोर थांबला. आतूनच ओरडून म्हणाला, ‘‘तुमच्या लेकीचं डोकं कालपासून फार दुखतंय. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणते, पाय सुजलेत. म्हणाली, नर्सताईंना सांगा, बाबांना सांगू नका.’’ मग जरा विचार करून म्हणाला, ‘‘त्यांना पण सांगून आलोय.’’

पाचच मिनिटांत नर्सबाई आल्या. गाडी बंदही केली नाही. आदल्या दिवशी त्या खालच्या वस्त्यांमध्ये फिरल्या होत्या, गाडी चिखलानं लडबडलेली. म्हणाल्या, ‘‘काका, मी निघालेय. वाटेत गाडी बंद पडली तर आज माझ्याबरोबर तुम्ही हवेत. मागं बसा.’’

माझ्या तोंडून सवयीनं ‘आधी...’ एवढं निघालं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की उरलेला शब्द मी गिळला. हत्यारांची पिशवी आणि पाण्याचा कॅन घेतला आणि मागच्या सीटवर टांग टाकली.

तिथून पाचव्या वळणापर्यंतचा रस्ता मला आजन्म लक्षात राहील. मी गाड्यांच्या धंद्यात चाळीस वर्षं आहे. कोण कशी गाडी चालवतो हे मला मागं बसून डोळे मिटूनही कळतं. या बाईंनी एकदाही क्लच घासला नाही. दगड आला की अंग हलकं सोडून चाक त्यावरून नेत होत्या, गिअर नेमका टाकत होत्या. मी गुरुवारी जे जे शिकवलं होतं ते सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मला त्यांच्या पाठीमागं बसून लाज वाटायला लागली.

चौथ्या वळणावर लाल दिवा लागला. पाचव्यावर वाफ.

‘‘थांबवा,’’ मी म्हणालो, ‘‘आणि झाकणाला हात लावू नका, हात पोळेल.’’

उतरून मी गाडीच्या पुढं गेलो. आणि तेव्हा मला कळलं की ही गाडी मी चार वेळा दुरुस्त केली, पण ती जशी चालते तशी मी तिला एकदाही समोरून पाहिली नव्हती.

पुढच्या चाकाच्या मागं, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, जाड ताडपत्रीचा एक पडदा बांधला होता. वर बंद, खाली बंद, कडेला दुहेरी टीप, चार कोपऱ्यांना नाड्या, गच्च गाठी. अतिशय नीटनेटकं काम. दोन्ही रेडिएटर त्याच्यामागं पुरते झाकले गेले होते. त्यावर चिखलाचा थर वाळून बसला होता. वारा आत जायला बोटभर जागा नव्हती.

‘‘हे काय आहे?’’ मी ओरडलो. ‘‘कुठल्या शहाण्यानं बांधलं हे?’’

‘‘तुमच्या लेकीनं,’’ नर्सबाई म्हणाल्या.

मी पडद्याची टीप पुन्हा एकदा निरखली.

‘‘दीड महिना झाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाकाचा चिखल उडून मी वर पोचेपर्यंत गुडघ्यापासून खाली सगळी माखलेली असायचे, औषधांची पिशवीसुद्धा. ती म्हणाली, ताई, तुम्ही आमच्यासाठी एवढं येता, मला एवढं तरी करू दे. शाळेच्या जुन्या तंबूची ताडपत्री होती, तिची शिवली. चांगली आहे हो. चिखल अगदी येत नाही.’’ मग त्यांनी वाफेकडं बघितलं. ‘‘याच्यामुळं तापते का?’’

‘‘याच्यामुळंच.’’

‘‘मग तुम्हाला ती दिसली कशी नाही?’’

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला मात्र एका क्षणात सगळं कळलं होतं, आणि ते कळणं फार वाईट होतं. गाडी यायची, माझ्या नियमाप्रमाणं बायको पडदा सोडायची, धुवायची, दोरीवर घालायची. मी उघड्या गाडीत दोष शोधायचो. उघड्या गाडीत दोष नव्हताच. मग ती उघडीच ढिगावर पळवायचो, आणि ती गेल्यावर बायको लेकीनं शिवलेला तो पडदा मायेनं गच्च बांधून द्यायची. गाडीला दुखणं जडलं होतं आणि मी दर वेळी ते आधी धुऊन टाकत होतो. गाडी तापायला लागली तेव्हा तिच्यावर नवीन काय आलं, हा साधा प्रश्न मी या बाईंना एकदाही विचारला नाही. मी क्लच शिकवत होतो.

‘‘तुम्ही काहीच चूक केलेली नाही,’’ मी म्हणालो. ‘‘नियम माझा होता.’’

मी नाड्या सोडवायला गेलो, पण लेकीच्या गाठी त्या. चाकूनं कापल्या. पण इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडता येत नाही, आणि पाणी घातल्याशिवाय निघता येत नाही. आम्ही अर्धा तास तिथं थांबलो. तो अर्धा तास कसा गेला ते सांगता येणार नाही. वर माझ्या लेकीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, आणि मी खाली दगडावर बसून एका मोटरसायकलला फुंकर घालत होतो. अक्षरशः. वाकून रेडिएटरच्या पापुद्र्यांवर फुंकर घालत होतो, चिखलाची ढेकळं नखांनी काढत होतो. नर्सबाई घड्याळ बघत नव्हत्या. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. एकदाच म्हणाल्या, ‘‘हे तिला आत्ता सांगू नका हं. बाळंत होऊ दे आधी.’’

झाकण हाताला सोसेल इतकं निवलं, मी पाणी भरलं आणि आम्ही निघालो. उरलेले आठ किलोमीटर माझी नजर त्यांच्या खांद्यावरून त्या दिव्यावर होती. सहावं वळण, सातवं, दहावं. सगळ्यात उभा चढ तेराव्याला आहे. दिवा लागला नाही. गाडी गुरगुरत, दमदार, एका लयीत वर गेली. मी आयुष्यात देवाला कधी त्रास दिलेला नाही, पण त्या चढावर मी त्याच्याशी बराच बोललो.

लेक अंधाऱ्या खोलीत पडून होती. उजेड सोसत नाही म्हणाली. चेहरा सुजलेला, ओठ पांढरे. मला बघून म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही कशाला आलात?’’

‘‘गाडी बघायला,’’ मी म्हणालो.

नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि पुन्हा एकदा मोजला. मग त्यांचा आवाज बदलला. जावयाला म्हणाल्या, ‘‘खाणीतली जीप आण. आत्ता. पळ.’’ जावई धावला. त्यांनी पिशवीतून काढून एक इंजेक्शन दिलं, वाटेत झटके येऊ नयेत म्हणून. एक गोळी दिली. एक कार्ड काढून त्यावर काहीतरी लिहिलं. लेक म्हणायला लागली, ‘‘पण ताई, परीक्षा...’’ आणि त्या बाई, ज्यांनी माझं पंधरा मिनिटांचं व्याख्यान मान खाली घालून ऐकलं होतं, त्या तिला म्हणाल्या, ‘‘एक शब्द बोलायचा नाही. गप पडून राहायचं.’’ लेक गप झाली. एवढ्या वर्षांत मला जे जमलं नाही ते मी डोळ्यांनी पाहिलं.

जीप आली. त्या लेकीजवळ मागं बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मला म्हणाल्या, ‘‘गाडी तुम्ही खाली आणा. आता तापणार नाही ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

दुपारी मी आणि बायको त्याच गाडीवरून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा लेकीला ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर मी बायकोला पडद्याचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘दर वेळी मीच बांधून दिला. चार गाठी जास्तीच्या मारल्या, सुटू नये म्हणून.’’ आणि रडायला लागली. मी म्हणालो, ‘‘अगं, तू मला बघा म्हणाली होतीस. मी हं म्हणालो.’’ ती म्हणाली, ‘‘ते तर तुम्ही नेहमीच म्हणता.’’ रडता रडता म्हणाली. जावई भिंतीला टेकून उभा होता. नर्सबाई कुठं दिसत नव्हत्या.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. दोन किलोला थोडी कमी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागणार होती, पण रडली होती खणखणीत. लेक शुद्धीवर येत होती. रक्तदाब उतरायला लागला होता. बायकोनं त्यांचे दोन्ही हात धरले. मला काय करावं कळेना, मी टोपी काढली आणि परत घातली.

डॉक्टरीणबाईंच्या हातात ते कार्ड होतं. म्हणाल्या, ‘‘हात धरायचे तर कार्ड भरणारीचे धरा. आम्ही शेवटचं काम केलं. हे बघा. दर आठवड्याचा आकडा आहे, एकही बुधवार सुटलेला नाही. हळूहळू वर सरकत होता. आणि गेल्या बुधवारी एकदम वाढलेला दिसला, म्हणून त्यांनी त्याच दिवशी गोळ्या दुप्पट केल्या. खाली चला म्हणूनही सांगितलं होतं, इथं लिहिलंय, रुग्ण ऐकत नाही. त्या गोळ्या वाढवल्या नसत्या ना, तर हे आठ दिवस निघालेच नसते. परवा-तेरवाच काहीतरी होऊन बसलं असतं. मग तुम्ही आज इथं नसता.’’

‘‘गेल्या बुधवारी?’’ मी म्हणालो. ‘‘गेल्या बुधवारी त्या वर गेल्याच नव्हत्या. गाडी पाचव्या वळणावर बंद पडली होती.’’

त्यांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. तारीख होती. आकडा होता. वेळ लिहिली होती, दुपारचे सव्वाबारा. खाली सही.

मी तिथंच बाकावर बसलो. पाचव्या वळणापासून वर आठ किलोमीटर उभा चढ. औषधांची पिशवी खांद्यावर. पुन्हा तेवढंच खाली, तापून बंद पडलेल्या गाडीपाशी. मग ती गाडी इंजिन बंद ठेवून उतारानं पायथ्यापर्यंत आणायची, टेम्पोत चढवायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर टेबलाला टेकून उभं राहायचं, आणि मी त्यांच्या हलगर्जीपणाबद्दल बोलायचं. एका शब्दानं त्या मला म्हणू शकल्या असत्या की काका, मी चालत गेले होते. म्हणाल्या नाहीत. पुढच्या बुधवारपर्यंत होईल ना, एवढंच विचारलं.

मी त्यांना शोधत खाली गेलो. त्या दवाखान्याच्या फाटकाशी गाडीजवळ उभ्या होत्या, पिशवी मागं बांधत होत्या. खालच्या वस्तीत कुणाची तरी मलमपट्टी राहिली होती म्हणे. माझ्याकडं किल्ली होती, म्हणून खोळंबल्या होत्या.

‘‘कशी आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दोघी बऱ्या आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘बाई, गेल्या बुधवारी तुम्ही चालत गेलात.’’

‘‘हो मग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बुधवार होता ना.’’

मी साठीच्या घरातला माणूस, फाटकात येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या हातातून हळूच किल्ली काढून घेतली.